जोडीदाराचा व्हिसा लांबतोय? मुंबईत राहून काय करायचं, कोणत्या क्रमाने, आणि काय अजिबात करायचं नाही

ओळखीतल्या एका मुलीने आय-१३० ची (जोडीदाराला बोलावण्यासाठी अमेरिकेत भरायच्या पेटिशनची) पावती हातात आली त्याच आठवड्यात नोकरीचा राजीनामा टाकला. दुसरीने ठाण्यातला भाड्याचा फ्लॅट सोडून सगळं सामान आईकडे नेलं. मी तर ‘पुढच्या दिवाळीला तिकडेच’ म्हणून दोन मोठ्या बॅगा घेऊन ठेवल्या, आणि त्या दोन दिवाळ्या माळ्यावर पडून राहिल्या. तिघींचीही चूक एकच होती. वेबसाइटवर दिसणाऱ्या अंदाजी महिन्यांना आम्ही तारीख समजलो आणि त्या तारखेला आयुष्य बांधून मोकळ्या झालो.

म्हणून एक नियम आधीच सांगते, पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. कोणताही निर्णय तारखेला बांधू नका, टप्प्याला बांधा. ‘मार्चमध्ये नोकरी सोडेन’ असं म्हणायचं नाही. ‘व्हिसा लागलेला पासपोर्ट हातात आला की सोडेन’ असं म्हणायचं.

लेखात अमेरिकेची उदाहरणं जास्त आहेत, कारण तीच रांग मी आतून पाहिली. कॅनडा आणि ब्रिटनचे नियम जिथे वेगळे पडतात तिथे सांगितलं आहे. नवरा परदेशात आणि बायको इथे असं धरून लिहिलंय. उलटं असेल तरी कागद तेच लागतात.

टप्पा १: तुमची रांग नेमकी कोणती, ते लिहून काढा

‘स्पाउस व्हिसा’ या एका नावाखाली लोक वेगवेगळ्या गोष्टी बोलतात आणि दुसऱ्याच्या अनुभवावरून आपला हिशोब मांडतात.

नवरा अमेरिकेचा नागरिक असेल तर तुम्ही वार्षिक मर्यादेच्या बाहेर आहात. तुमची केस फक्त कामकाजाच्या वेगावर चालते. तो ग्रीन कार्डधारक असेल तर तुमचा वर्ग एफ२ए. त्यात दर महिन्याला निघणाऱ्या व्हिसा बुलेटिनमधली तारीख तुमच्या अर्जाच्या तारखेपर्यंत सरकावी लागते, आणि ती कधीकधी मागेही जाते. तो एच-१बी वर असेल तर तुमचा व्हिसा एच-४. ती स्थलांतराची रांगच नव्हे. तेव्हा ‘माझी मावसबहीण तीन महिन्यांत गेली’ हे ऐकल्यावर पहिला प्रश्न विचारायचा: कोणत्या व्हिसावर?

एफ२ए वाल्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. मध्येच नवरा नागरिक झाला तर केस वरच्या वर्गात जाते, पण नागरिकत्वाचं प्रमाणपत्र पाठवून हे तुम्ही कळवायचं असतं. शिवाय एफ२ए मध्ये मुलं आईच्या केसमध्ये जोडलेली असतात. नागरिकाच्या पत्नीच्या वर्गात तशी सोय नाही, प्रत्येक मुलासाठी वेगळी आय-१३० लागते. मूल असेल तर वर्ग बदलण्याआधी हा प्रश्न सोडवून ठेवा.

कॅनडात प्रायोजक (बोलावणारा जोडीदार) नागरिक असेल तर तो बाहेर राहूनही अर्ज करू शकतो. पीआरधारक (कायमचा रहिवासी) असेल तर त्याला कॅनडातच राहावं लागतं. ब्रिटनमध्ये मुख्य अडसर उत्पन्नाचा. ११ एप्रिल २०२४ पासून किमान मर्यादा वर्षाला २९,००० पौंड आहे. नोकरीच्या उत्पन्नावर अर्ज असेल तर पगारपत्रकं आणि बँकेचं स्टेटमेंट जुळलं पाहिजे, आणि शेवटचा कागद अर्जाच्या तारखेआधी २८ दिवसांपेक्षा जुना चालत नाही. इथे बरेच जण घसरतात. कागद जमवून ठेवतात, अर्ज दोन महिन्यांनी करतात.

> तपासा: पावती क्रमांक तुमच्याकडे आहे का? अमेरिकेच्या केसचा क्रमांक १३ अक्षरांचा असतो, सुरुवातीला तीन इंग्रजी अक्षरं. तो टाकून केस कुठवर आली ते कुणालाही फुकट पाहता येतं. नवरा ‘भरलंय गं, होईल’ म्हणतो पण क्रमांक देत नाही, असं दोन-तीनदा झालं तर लाजू नका, स्पष्ट विचारा. फसवणुकीची शंका खरी वाटली तर राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीयांच्या विवाहांसाठी स्वतंत्र कक्ष आहे.

टप्पा २: नावाचा गुंता कागद जमवायच्या आधी सोडवा

मराठी घरांतल्या केसेस जिथे अडकतात ती ही जागा. म्हणून इथे जरा थांबते.

आपलं नाव तीन पदरी. लग्नाआधी स्नेहल प्रकाश जाधव, लग्नानंतर स्नेहल अमित मोरे. आडनाव बदललं हे परदेशी अधिकाऱ्याला समजतं; मधलं नावही का बदललं हे समजत नाही. त्यात पासपोर्टवर रकाने दोनच, त्यामुळे वडिलांचं नाव पहिल्या नावाला चिकटून बसतं. कुणाच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामाच असतो, आणि मग अमेरिकन व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी एफएनयू (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) असं उमटतं.

त्याहून किचकट म्हणजे आईचं नाव. आपल्याकडे मागच्या पिढीत लग्नात तांदळात अंगठीने नवं नाव लिहायचे. तुमच्या जन्मदाखल्यावर आईचं सासरचं नाव, तिच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, आणि आधारवर तिसरंच काही. तुमचा स्वतःचा जन्मदाखलाही काढून पाहा. जुन्या नोंदींमध्ये बाळाच्या नावाचा रकाना कोरा असतो, कारण बारसं व्हायच्या आधी नोंद झालेली.

क्रम असा ठेवा.

१. जन्मदाखला ज्या वॉर्ड ऑफिसातून निघाला तिथे कोरं नाव भरून घ्या. सगळ्यात जास्त वेळ यातच जातो, म्हणून हे पहिलं. नोंदच सापडत नसेल तर ‘नोंद उपलब्ध नाही’ असा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्या नातेवाइकांची दोन प्रतिज्ञापत्रं लागतात. आजी-आजोबा, आत्या, काका यांच्यापैकी कोण सही करू शकेल ते आत्ताच ठरवा. हे निष्ठुर वाटेल, पण वर्षभराने सगळे असतीलच असं नाही.

२. ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा, तुमच्यासाठी आणि गरज असेल तर आईसाठीही. त्यात प्रत्येक कागदावरचं नाव अक्षरश: जसंच्या तसं उतरवा.

३. स्वतःचं नाव बदलायचं की नाही हे पेटिशन भरण्याआधी ठरवा. माझं मत विचाराल तर मधल्या काळात बदलू नका. पासपोर्टवर जे नाव आहे तेच पेटिशनवर, अर्जावर आणि विमानाच्या तिकिटावर. सासूबाईंना वाईट वाटतं, हे मला माहीत आहे. ‘आई, नाव बदललं तर व्हिसा लांबेल’ हे वाक्य घरात चालतं आणि ते खोटंही नाही.

४. बदलायचंच असेल तर पूर्ण बदला: आधी राजपत्रात, मग आधार, पॅन, बँक, शेवटी पासपोर्ट. अर्धवट बदल सगळ्यात वाईट.

> सावधान: पासपोर्टमध्ये जोडीदाराचं नाव घालायचं तर पासपोर्ट नव्याने निघतो, क्रमांक बदलतो. केस चालू असताना हे केलंत तर नवा क्रमांक त्या देशाच्या यंत्रणेला कळवा आणि जुना पासपोर्ट जपून ठेवा. मुलाखतीच्या आठवड्यात हे करायला जाऊ नका.

टप्पा ३: विवाह नोंदणी

लग्न रविवारी, सोमवारी सत्यनारायण, आणि नवरोबाचं परतीचं विमान पुढच्या शनिवारी. या सहा दिवसांत नोंदणीला दोघांनी हजर राहायचं असतं, तीन साक्षीदार लागतात, लग्नपत्रिका, लग्नातला फोटो, पत्त्याचे आणि वयाचे पुरावे लागतात, आणि भटजींची सही लागते. भटजी त्या दिवशी नाशिकला दुसऱ्या लग्नात असतात.

महाराष्ट्रात ही नोंदणी १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात होते. लग्नाच्या आधीच्या महिन्यात आई किंवा भाऊ, कुणीतरी तिथे जाऊन कोणतं वॉर्ड ऑफिस लागू पडतं, कोणते कागद लागतात आणि वेळ कशी घ्यायची ते विचारून यावं. भटजींची सही लग्नमंडपातच घ्या, दक्षिणा देण्याच्या आधी. (दक्षिणेनंतर ते सापडत नाहीत, असं माझे बाबा म्हणतात.)

विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं असेल तर ३० दिवसांची नोटीस असते, आणि दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात त्याआधी किमान ३० दिवस राहिलेलं असावं लागतं. तीन आठवड्यांच्या रजेत हे आपोआप बसत नाही. मुलगी मुंबईत राहते म्हणून अट पूर्ण होते खरी, पण नोटिसीचे दिवस नवऱ्याच्या तिकिटाशी जुळवून आधी मोजा.

प्रमाणपत्र हातात आल्यावर काउंटरवरून हलायच्या आधी दोन्ही नावांचं स्पेलिंग, लग्नाची तारीख आणि जन्मतारखा पासपोर्टशी ताडून पाहा. माझ्या प्रमाणपत्रावर नवऱ्याच्या नावात एक अक्षर जास्त होतं. ते मी घरी येऊन पाहिलं; तोवर तो विमानात होता.

टप्पा ४: कोणता कागद आधी, कोणता शेवटी

कागद दोन जातीचे असतात: न शिळे होणारे आणि शिळे होणारे. जन्मदाखला, विवाह प्रमाणपत्र, आधीचा घटस्फोट झाला असेल तर त्याचा हुकूमनामा, हे न शिळे होणारे. ते पहिल्या दोन महिन्यांत पूर्ण करा.

शिळे होणारे कागद घाईने काढायचे नाहीत. पोलीस क्लिअरन्स (गुन्हा नसल्याचा दाखला) पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो, शुल्क ५०० रुपये. अमेरिकेच्या प्रक्रियेत तो दोन वर्षं चालतो. कॅनडाला सध्याच्या देशाचा दाखला अर्जाआधी सहा महिन्यांच्या आतला लागतो. ब्रिटनसाठी क्षयरोगाची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच करावी लागते आणि तिचं प्रमाणपत्र सहा महिने चालतं. अमेरिकेची वैद्यकीय तपासणी मुलाखतीची तारीख आल्यावरच, तीही दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच. नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांचं पत्र कितीही छान असलं तरी उपयोगाचं नाही.

पोलीस क्लिअरन्समध्ये मुंबईकर अडकतात ते पत्त्यावर. पासपोर्टवर माहेरचा दादरचा पत्ता, राहायला सासरी कल्याणला. मग पडताळणीला पोलीस येतात तेव्हा घरी कुणी नसतं, शेजारी सांगतात ‘त्या इथे राहत नाहीत’, आणि अर्ज अडकतो. कुठे राहता ते आधी नक्की करा, शेजाऱ्यांना सांगून ठेवा. दुसऱ्या देशात नोकरी केली असेल तर तिथलाही दाखला लागू शकतो. अमेरिकेसाठी साधारण नियम असा, की वयाच्या १६ व्या वर्षानंतर जिथे १२ महिने किंवा जास्त राहिलात तिथला. दुबईची किंवा सिंगापूरची नोकरी विसरू नका. त्या दाखल्यांना बोटांचे ठसे आणि कुरिअर लागतं, म्हणून वेळ जातो.

> तपासा: जुना दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर, आणि त्यासोबत ‘मला दोन्ही भाषा येतात व भाषांतर अचूक आहे’ असं भाषांतरकाराचं सहीनिशी निवेदन. प्रत्येक कागदाची मागची बाजूही स्कॅन करा, कोरी नसेल तर.

टप्पा ५: केस नॅशनल व्हिसा सेंटरकडे गेल्यावर

अमेरिकेच्या केसमध्ये पेटिशन मंजूर झाली की फाइल या केंद्राकडे जाते. मुंबईच्या केसचा क्रमांक बीएमबी या अक्षरांनी सुरू होतो. इथून पुढे चेंडू तुमच्या कोर्टात असतो, आणि आधी महिनोन्महिने हातावर हात ठेवून बसलेली माणसं नेमकी इथे उशीर करतात.

क्रम: शुल्क भरा (३२५ डॉलर व्हिसा अर्जाचे, १२० आर्थिक हमीचे), ते जमा झाल्याचं दिसेपर्यंत थांबा, मग डीएस-२६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) भरा, मग नवऱ्याची आय-८६४ ही आर्थिक हमी आणि तुमचे कागद चढवा, आणि शेवटी ‘सबमिट’ दाबा. कागद चढवले पण सबमिट दाबलंच नाही, असे लोक मी पाहिलेत. तीन महिने वाट पाहत होते.

डीएस-२६० मध्ये १६ व्या वर्षापासूनचे सगळे पत्ते विचारतात. हॉस्टेल, अंधेरीतली पीजी, नोकरीसाठी पुण्यात काढलेले आठ महिने, सगळं. ती यादी आजच एका वहीत करा. अर्ज भरायला बसल्यावर आठवत नाही.

हमीसाठी नवऱ्याचं उत्पन्न त्याच्या कुटुंबाच्या आकारानुसार ठरलेल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के तरी हवं. कमी असेल तर सहप्रायोजक घेता येतो. आणखी एक अट लक्षात राहत नाही: नवऱ्याचं वास्तव्य अमेरिकेत असलं पाहिजे. नागरिक नवरा ‘तुझी केस होईपर्यंत मी मुंबईतच राहतो’ म्हणाला तर गोड आहे, पण तिकडे घर, बँक, कर हे चालू असल्याचे पुरावे ठेवायला सांगा.

सगळं तपासून झालं की कागदपत्रं पूर्ण असल्याचा निरोप येतो. त्यानंतर मुलाखतीची रांग. मधल्या काळात वर्षभर खात्यात काहीच हालचाल केली नाही तर केस बंद होऊ शकते, म्हणून लॉगिन करत राहा.

> सावधान: ‘दूतावासात ओळख आहे, तारीख लवकर काढून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका. तातडीची विनंती खरंच करता येते, पण ती गंभीर आजारपणासारख्या कारणावर आणि पुराव्यासह, तुम्ही स्वतः.

टप्पा ६: एकत्र नसतानाचे पुरावे रोजच्या जगण्यातून गोळा करा

ठरवून झालेल्या लग्नात अधिकाऱ्याला प्रश्न पडतोच: दोन भेटीत लग्न, दहा दिवस संसार, मग दीड वर्ष लांब. हे नातं खरं कशावरून?

व्हॉट्सअॅपवर आपोआप मेसेज पुसण्याची सोय चालू असेल तर आजच बंद करा. फोन बदलताना बॅकअप घ्या. दर महिन्याच्या एका तारखेला कॉलच्या यादीचा स्क्रीनशॉट काढून एका फोल्डरमध्ये टाका. चारशे पानांच्या गप्पा कुणी वाचत नाही.

फोटोही तसेच. स्टेजवरचे सहाशे फोटो एका दिवसाचे असतात. त्यापेक्षा साखरपुडा, केळवण, लग्न, नवऱ्याच्या भेटी, आणि तुम्ही सासरच्या माणसांसोबत असताना: पहिल्या संक्रांतीला हलव्याचे दागिने घालून सासूबाईंसोबत, मंगळागौरीला, गणपतीत. नवरा फोटोत नाही म्हणून तो निरुपयोगी नाही. पन्नासेक निवडा, मागे तारीख आणि नावं लिहा.

पैशाचे आणि वारसदारीचे कागद सगळ्यात बोलके. लग्नानंतर भविष्यनिर्वाह निधीचं आधीचं नामांकन रद्द होतं, ते नव्याने करावंच लागतं. एलआयसी, बँक, म्युच्युअल फंडातही नाव बदला. नवऱ्याचं एनआरई (अनिवासी भारतीयाचं) खातं असेल तर निवासी पत्नीला ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ (आधी तो, त्याच्या पश्चात ती) पद्धतीने त्यात जोडता येतं. कागद पुराव्याला लागतो आणि उद्या काही झालं तर खरंच उपयोगी पडतो.

टप्पा ७: भेटी

अमेरिकेचा पर्यटक व्हिसा काढून जाऊन येऊ, ही कल्पना प्रत्येकीला सुचते. त्या अर्जात ‘तुमच्यासाठी कुणी स्थलांतराची पेटिशन केली आहे का’ असा सरळ प्रश्न असतो. उत्तर ‘हो’च द्यायचं. मग तुम्ही परत याल यावर अधिकाऱ्याचा विश्वास बसणं कठीण, आणि नकार येण्याची शक्यता मोठी. ‘नाही’ लिहिलंत तर खोटं बोलल्याचा ठपका मूळ केसवर येतो, आणि तो आयुष्यभर नडू शकतो. कॅनडाचं थोडं वेगळं: प्रायोजकत्वाचा अर्ज चालू असतानाही पाहुणी म्हणून व्हिसा मागता येतो, दोन्ही हेतू असणं तिथे मान्य आहे. मंजुरीची खात्री मात्र तिथेही नाही.

तेव्हा बहुतेक वेळा येणार तोच. ग्रीन कार्डधारकाने इथे सहा महिन्यांच्या आत मुक्काम आवरावा. त्याहून लांबला तर त्याच्या नागरिकत्वाच्या मोजणीत खोट येऊ शकते, आणि परवानगीशिवाय वर्षाच्या वर गेला तर ग्रीन कार्डच धोक्यात येतं. रजा कमी असेल तर मधल्या एखाद्या देशात आठवडाभर भेटा. बोर्डिंग पास आणि हॉटेलची पावती फेकू नका.

टप्पा ८: रोजचे दिवस

फोनची वेळ हा विनोदाचा विषय वाटतो, पण भांडणं इथेच होतात. न्यू जर्सी आपल्या मागे उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास. त्याचे रात्रीचे नऊ म्हणजे आपले सकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. साडेसहाला चहा घेऊन बोलता येतं. साडेसातला तुम्ही डोंबिवली लोकलच्या लेडीज डब्यात लोंबकळत असता, मुंब्र्याला रेंज जाते, आणि त्याला वाटतं तुम्ही फोन कापला. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात. त्या आधीच्या आठवड्यातच नवी वेळ ठरवून टाका.

केसबद्दल बोलायला आठवड्यातला एकच दिवस ठेवा. आम्ही रविवार ठेवला होता, वीस मिनिटं. इतर दिवशी ‘स्टेटस बघितलंस का’ हा प्रश्न बंद. हे पहिल्या महिन्यातच सुचायला हवं होतं. सुचलं अकराव्या महिन्यात.

नातेवाइकांसाठी एकच वाक्य ठरवा आणि घरातल्या सगळ्यांना तेच बोलायला सांगा. आमचं होतं: ‘मुलाखतीचं पत्र आलं की पेढे घेऊन येते.’ यावर पुढचा प्रश्न विचारता येत नाही. कुणाला अंदाजे महिना सांगू नका, तो महिना उलटला की तीच माणसं फोन करतात.

सासरी राहायचं की माहेरी, याला एकच उत्तर नाही. पण ‘काही महिन्यांचाच प्रश्न आहे’ म्हणून न पटणारी व्यवस्था स्वीकारू नका. दोन वर्षं राहायचं असेल तर चालेल का, असं विचारून ठरवा. ऑफिसपासून अंतर हा खराखुरा निकष आहे, त्यात सासरचा अपमान नाही. भाड्याने राहत असाल तर करार पुन्हा ११ महिन्यांचाच करा, फक्त लॉक-इन कमीत कमी आणि एक महिन्याची नोटीस असं कलम घालून.

झोप उडाली, जेवण जाईना, रोज रडू येतंय असं आठवड्यामागून आठवडे चाललं तर ‘वाट बघण्याने असं होतंच’ म्हणून सोडून देऊ नका. टेलिमानस या सरकारी मोफत सेवेचा क्रमांक १४४१६ आहे.

टप्पा ९: मुलाखत

पत्र आलं की क्रम उलगडतो: वैद्यकीय तपासणी, अस्सल कागदांची फाइल, मग मुलाखत. तपासणी खूप आधी करू नका, कारण व्हिसाची मुदत तिच्या मुदतीला बांधलेली असते, साधारण सहा महिन्यांपर्यंत. तपासणी जितकी जुनी, तितके नंतरचे दिवस कमी.

अमेरिकन वकिलात बीकेसीत आहे. मोबाइल आणि मोठी बॅग आत नेता येत नाही, म्हणून सोबत कुणीतरी न्या जे बाहेर थांबेल. वांद्रे किंवा कुर्ल्याहून रिक्षाच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा मेट्रो ३ चं बीकेसी स्थानक बरं. फाइलमध्ये पत्र वरती, मग पासपोर्ट, मग ज्या क्रमाने कागद चढवले त्याच क्रमाने अस्सल प्रती.

प्रश्न साधे असतात. कसे भेटलात, लग्नाला किती माणसं होती, नवरा काय करतो, शेवटचा कधी आला. पाठ केलेली उत्तरं देऊ नका. पण नवऱ्याच्या नोकरीचं नाव, पत्ता आणि त्याचं आधी लग्न झालं होतं का, एवढं तरी ठाऊक हवं. आदल्या रविवारी दोघांनी पेटिशनची प्रत एकदा सोबत वाचा. दीड-दोन वर्षांपूर्वी काय लिहिलं ते विसरलेलं असतं.

मुलाखतीनंतर २२१(जी) ची (केस तूर्त थांबवल्याची) चिठ्ठी मिळाली तर ती नकाराची शेवटची ओळ नाही; काहीतरी अपुरं आहे किंवा तपासणी बाकी आहे. जो कागद मागितला तोच पाठवा, सोबत इतर दहा नको. आणि अजूनही राजीनामा नाही.

टप्पा १०: पासपोर्ट हातात आल्यावर

आता राजीनामा. ९० दिवसांचा नोटीस पिरियड असला तरी सहसा मुदतीत बसतो, म्हणून तर आधी सोडायची गरज नव्हती. व्हिसावरची शेवटची तारीख बघून मागे मोजा.

तिकीट काढण्याआधी लग्नाची तारीख बघा. प्रवेशाच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण झाली नसतील तर दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड मिळतं, आणि ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ (अट काढण्याचा अर्ज) भरून, शुल्क देऊन, पुन्हा सगळे पुरावे द्यावे लागतात. दोन वर्षं पूर्ण व्हायला आठ-दहा दिवस उरले असतील आणि मुदत असेल तर लग्नाचा वाढदिवस इथेच साजरा करून जा. व्हिसावर सीआर१ (सशर्त वर्ग) लिहिलेलं असलं तरी विमानतळावरच्या अधिकाऱ्याला दोन वर्षं झाल्याचं सांगून आयआर१ (बिनशर्त वर्ग) करून घ्या, विवाह प्रमाणपत्र हाताशी ठेवून.

ग्रीन कार्डचं २३५ डॉलर शुल्क निघण्याआधी ऑनलाइन भरा. इथलं बचत खातं एनआरओ (अनिवासीचं इथल्या पैशांसाठीचं खातं) करण्यासाठी बँकेला कळवा. अस्सल कागद, एक्स-रेची सीडी दिली असेल तर ती, आणि बंद पाकीट दिलं असेल तर ते न उघडता, सगळं हातातल्या पिशवीत. मसाल्याचे डबे खालच्या बॅगेत.

आणि नवऱ्याला आत्ताच सांगा, तिथल्या लेटरबॉक्सवर त्याच्या नावाखाली तुमचं पासपोर्टवरचं नाव चिकटवायला. कार्ड टपालाने येतं, आणि पेटीवर नाव नसेल तर टपालवाला ते परत नेऊ शकतो.